मोतीरामचं पायांचं जहाज

मोतीराम फिटरच्या तोंडून खरं निघालंच, तर ते ठेच लागून निघत असणार, असं सातपूरमध्ये सगळे म्हणायचे. मोतीरामला त्याचं वाईट वाटत नसे. वाईट कशाला वाटेल? ही कीर्ती त्याने वर्षानुवर्षं राबून कमावली होती. पहिली पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर माणसं त्याची वाट बघत बसायची. एखादा नवखा उठायला लागला तर जुने त्याला खाली ओढायचे, "बस रे, मोतीराम यायचाय अजून." आणि मोतीराम यायचा, सायकल भिंतीला टेकवायचा, कपाळ पुसायचा आणि सुरू व्हायचा.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी बिबट्याने त्याचा जेवणाचा डबा पळवला, ही त्याची सर्वांत गाजलेली थाप. दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर डबा घासूनपुसून ठेवलेला होता म्हणे. "फक्त झाकण लावायचं विसरला," मोतीराम गंभीरपणे सांगायचा, "जनावरच ते शेवटी." दुसरी थाप विमानाची. जत्रेतल्या स्टुडिओत पडद्यावर रंगवलेल्या विमानाच्या खिडकीतून डोकं काढून त्याने फोटो काढून घेतला होता. तो घरात दर्शनी भिंतीवर लावला, आणि कंपनीने आपल्याला मशीन दुरुस्तीला दिल्लीला विमानाने धाडलं होतं असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. खिडकीतून हात बाहेर काढला तर ढगाने मनगट भिजलं, घड्याळ बंद पडलं! आता बोला!

तर असा हा माणूस, आणि त्याच्या पोटी रवी आला. रवी म्हणजे तोलून-मापून बोलणारा, विचारलं तर एक, नाही विचारलं तर तेही नाही. आयटीआय केलं, आखातात समुद्रातून तेल उपसणारे फलाट बांधायच्या यार्डात काही वर्षं काढली, आणि तिथून दोन हजार पाच साली एका जहाजावर चिकटला. जहाज इंग्लंडजवळच्या समुद्रात. एका रविवारी त्याचा फोन आला, आणि मोतीरामने विचारलं, "काय रे, जहाज कुठं कुठं जातं?"

"जात नाही फारसं, बाबा. उभं राहतं."

"बंदरात?"

"नाही, भर समुद्रात. चार पाय आहेत त्याला. पाय खाली सोडतो, तळाला टेकवतो, आणि मग जहाज पायांवरून वर चढतं. पाण्याच्या बाहेर. खालून लाटा जातात, वर आम्ही कोरडे. मग क्रेनने पवनचक्क्या उभ्या करायच्या, समुद्रात. एक झाली की खाली उतरायचं, पाय वर घ्यायचे, पुढच्या जागी जायचं."

मोतीरामने फोन कानाला आणखी घट्ट दाबला. साक्रीकडे डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहतायत हे त्याने पाहिलं होतं. पण समुद्रात? आणि पायांचं जहाज? त्याला एकाच वेळी अभिमान वाटला आणि असूयाही, कारण जन्मभर थापा मारून ही एक गोष्ट त्याला स्वतःला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याने ती सांगितली. शेवट होईपर्यंत कुणी चहाचा घोटही घेतला नाही. मग एकच हास्यकल्लोळ. टपरीवाल्याने कान पकडले. वर्कशॉपवाला पुंजा, मोतीरामचा जुना दोस्त, डोळे पुसत म्हणाला, "बिबट्या गेला खड्ड्यात! ही एक नंबर!"

"अरे पण हे खरं आहे," मोतीराम म्हणाला.

"तर काय! झाकणासकट खरं!"

त्या दिवशी मोतीराम सायकल हातात धरून चालत घरी गेला. पोरगा तिकडे परमुलखात थंडीवाऱ्यात एवढं मोठं काम करतोय, आणि आपल्या तोंडाला लागलं की त्याच्या कामाचा चुटका होतोय, हे त्याला फार लागलं. आपणच पेरलं ते उगवलं, कुणाला बोलणार?

पुढे खरी पंचाईत झाली ती स्थळामुळे. मुलगी नांदगावची, मनाली. नाशिकला एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. फोटोंची देवाणघेवाण झाली होती, दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आता राहिली होती ती चौकशी. आणि चौकशीला येणार होते मुलीचे वडील भिमाजी, एसटीचे निवृत्त तिकीट तपासनीस. मालेगाव-नांदगाव रस्त्यावर त्यांनी आयुष्य काढलं ते खोटं पकडण्यात. सातवीतल्या मिशी फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट काढणाऱ्या बापापासून, पास घरी विसरला म्हणणाऱ्या कॉलेजकुमारापर्यंत, त्यांच्या हातून कुणी सुटलं नव्हतं.

"अहो, आज एक दिवस," मोतीरामची बायको लताबाई त्याला म्हणाली, "एकच दिवस खरं बोला. पोराच्या लग्नाचा सवाल आहे." तिने भिंतीवरचा विमानाचा फोटोही उतरवून पेटीत टाकला.

"कानाला खडा," मोतीराम म्हणाला. आणि त्याने तो शब्द पाळला, हीच तर बोंब झाली.

चौकशीची रीत काय, हे त्या गडबडीत दोघंही विसरले. चौकशीला येणारा माणूस आधी घरात येत नाही. आधी कोपऱ्यावरचा किराणावाला, मग कारखान्यासमोरची टपरी, आणि मग घर. भिमाजी सकाळपासून सातपुरात होते. टपरीवर त्यांनी दोन चहा घेतले, आणि बिबट्या, डबा, विमान, ढग, सगळं ऐकून मग दारात येऊन उभे राहिले. मागे मनाली. मुलगी चौकशीला येत नाही खरी, पण ती म्हणाली होती, "मुलगाच घरी नाही, तर मी लाजायचं कुणाला?"

"जय भीम."

"जय भीम, जय भीम, या, बसा."

भिमाजी बसले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. उन्हाने पिवळ्या पडलेल्या भिंतीवर एक चौकोन पांढराशुभ्र होता, वर खिळा.

"इथं काय होतं?"

"विमान," मोतीराम म्हणाला. खरं बोलायचं ठरलं होतं ना!

लताबाईने पदर तोंडाला लावला. भिमाजींनी मान हलवली आणि विचारलं, "मुलगा जहाजावर. जहाज कुठं जातं?"

"जात नाही हो फारसं. उभं राहतं."

आणि मग मोतीरामने सगळं सांगितलं, पाय, तळ, क्रेन, खालून जाणाऱ्या लाटा. भिमाजींनी ऐकून घेतलं, पाणी मागितलं, पाणी पिऊन तेच दुसऱ्या शब्दांत विचारलं. मोतीरामने तेच सांगितलं. पोहे झाले, पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

"पाहुणे," भिमाजी शांतपणे म्हणाले, "खरं बोलणाऱ्याचं तिसऱ्यांदा थोडं तरी इकडचं तिकडं होतं. पाठ असतं ते फक्त खोटं बोलणाऱ्याला."

तेवढ्यात मनाली म्हणाली, "काका, एक विचारू? समुद्राच्या तळाला चिखल असेल तर? चार पायांतला एकच खचला तर?"

एरवी मोतीरामने पापणी लवायच्या आत उत्तर फेकलं असतं. समुद्रात चिखल नसतोच मुळी, नुसतं मीठ असतं, असं काहीतरी. पण कानाला खडा होता. "ते काय मला माहीत नाही, बेटा," तो म्हणाला. "रवीला विचारून सांगतो."

भिमाजी उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "येवल्याचं एक स्थळ आहे. सरळ माणसं, पैठणीचे माग आहेत. पुढच्या सोमवारी त्यांना होकार द्यायचाय. तुम्ही मला जहाज पायावर उभं राहतं एवढं दाखवा, मी येवल्याला नाही म्हणतो."

"फोटो मागवतो मी रवीकडून!"

"फोटो विमानाचाही होता म्हणे."

पाहुणे गेल्यावर लताबाई कपाळाला हात लावून बसली. "अहो, दुबईच्या कंपनीत वेल्डर आहे म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? एवढं साधं सुचलं नाही तुम्हाला?"

"म्हणजे मी खोटं बोलू?" मोतीराम म्हणाला.

लताबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू घरात भलताच माणूस येऊन बसलाय.

रवीचा फोन आला तेव्हा मोतीरामने आधी चिखलाचं विचारलं. तिकडे वाऱ्याची घरघर ऐकू येत होती. रवी म्हणाला, "आधी पाय दाबून बघतो, बाबा. जहाजाचं वजन त्यांच्यावर टाकायचं आणि थांबायचं. खचायचा असेल तो पाय तेव्हाच खचतो, आपण पाण्यालगत असतो म्हणून निभावतं. तळ धरतोय याची खात्री झाल्यावरच वर चढायचं. घाई केली की संपलं. पण हे तुम्हाला कुणी विचारलं?"

"मनालीने."

मग रवी म्हणाला, "बाबा, हे स्थळ घालवू नका." जन्मात कधी काही न मागणारं पोरगं! फोन ठेवल्यावर मोतीरामला तेवढं शेवटचं वाक्य लख्ख आठवत राहिलं. आधीचं सगळं एका कानाने आत आणि दुसऱ्याने बाहेर.

तो तडक पुंजाच्या वर्कशॉपमध्ये गेला. "पुंजा, जहाज करायचं."

"कर की. सांग, किती मजली?"

"थाप नाही रे!" मोतीराम असा ओरडला की पुंजाच्या हातातला पाना खाली पडला. मग त्याने सगळं सांगितलं, येवल्यासकट. पुंजाने डोकं खाजवलं. त्याला पाय पटले नव्हते, पण दोस्ताच्या डोळ्यांत पाणी बघायची त्याला सवय नव्हती. "भंगारात ऑइलचे ड्रम आहेत," तो म्हणाला. "चल."

आठवडाभर पाळी संपली की दोघं तिथेच. लोखंडी अँगलची चौकट केली, खाली रिकामे ड्रम आवळले, वर फळ्या ठोकल्या. चार कोपऱ्यांना चार रुंद नळ्या वेल्ड केल्या आणि त्यांतून चार लांब पाइप सोडले. हे पाय. पायांच्या टोकाला पत्र्याच्या चकत्या, म्हणजे रुतू नयेत. प्रत्येक पाइपाच्या डोक्यावर एक चेन-पुली, कारखान्यात जड मशीन उचलतात ती. तिचा आकडा चौकटीच्या कोपऱ्याला. साखळी ओढली की चौकट पायावरून वर सरकणार. सातपूरमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. टपरी तर ओसच पडली, कारण सगळी गिऱ्हाइकं पुंजाच्या दारात.

रविवारी टेम्पोत घालून हे धूड गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला नेलं. मागून सायकली, मोटारसायकली, अख्खी पहिली पाळी. भिमाजी पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन लावून आले. मनाली लताबाईजवळ काठावर बसली. छातीभर पाण्यात जहाज ढकललं. ते तरंगलं. तेवढ्यावरच शिट्ट्या पडल्या.

"काका," मनालीने काठावरून विचारलं, "त्या चिखलाचं काय म्हणाले ते?"

"हां, सांगतो ना! आधी पाय दाबून बघायचे, थांबायचं, तळ धरतोय याची खात्री झाली की मगच वर चढायचं," मोतीरामने झोकात सांगितलं, आणि तसंच सांगत सांगत जहाजावर चढला.

भिमाजी पॅन्ट दुमडून, तरी छातीपर्यंत भिजत, मागोमाग चढले. पुंजा म्हणाला, "तुम्ही काठावरून बघा, साहेब." भिमाजी म्हणाले, "बसच्या बाहेर उभं राहून तिकीट तपासता येत नाही."

चार कोपऱ्यांना चौघे उभे राहिले, मोतीराम, पुंजा आणि पाळीतले दोघे. मधोमध पाटावर भिमाजी. मोतीरामने हात वर केला, "ओढा!"

साखळ्या खडखडल्या. पाय खाली गेले, टेकले. चौकट करकरली. आधी काहीच झालं नाही, मग फळ्यांखालून पाणी निथळल्याचा आवाज यायला लागला. ड्रमच्या पोटावरच्या ओल्या रेषा वर आल्या. आणखी ओढ, आणखी. आणि मग जहाज पाण्याच्या बाहेर आलं! ड्रमांचे तळ हवेत, त्यांच्याखालून पाणी मोकळं वाहतंय!

भिमाजी पालथे झोपले. कडेवरून हात खाली घालून त्यांनी ड्रमचं बूड आणि पाणी यांच्यामध्ये वीत लावली. अंगठा पाण्यात, करंगळी ड्रमला. सगळे श्वास रोखून बघत होते.

"वीतभर," भिमाजी म्हणाले.

काय तो जल्लोष! मोतीरामने साखळी सोडून दोन्ही हात वर केले. "बघा! बघा रे लेको! बिबट्या म्हणता काय!" तो नाचला. नाचला तो नेमका आपल्या कोपऱ्यावर.

"काका, दाबून बघितलं का?" मनाली काठावरून ओरडली.

मोतीराम थिजला. त्याच्या पायाखालचा पाइप हळूच, अगदी आदबीने, चिखलात शिरायला लागला होता. चौकट कलली. पुंजाने आईचं नाव घेतलं. पाट घसरला, त्यामागे भिमाजी घसरले, त्यांच्यामागे साखळ्या, माणसं, पाने, आणि सगळ्यांच्या वर मोतीराम. धप्प!

काठावर लोक पोट धरून लोळत होते. पाणी छातीभरच होतं, त्यामुळे बुडण्याची भीती कुणालाच नव्हती, फक्त मोतीराम सोडून. त्याचं सगळंच बुडालं होतं. चष्मा हरवलेल्या भिमाजींना त्याने बखोटीला धरून उभं केलं, आणि त्याला रडू फुटलं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "रवीने सांगितलं होतं हो. आधी दाबून बघा म्हणाला होता. तो कधी विसरत नाही. मी विसरलो. पोराला बोल लावू नका, त्याचं जहाज खरं आहे. मीच खोटा."

भिमाजींच्या डोक्यावर शेवाळ होतं. त्यांनी ते काढलं, पेन खिशात आहे का पाहिलं आणि खोकले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. माणूस चक्क हसत होता.

"पाहुणे," ते म्हणाले, "टपरीवर मी तुमच्या सगळ्या गोष्टी ऐकल्या. बिबट्या तुमचा डबा घासतो. विमान तुमच्यासाठी उडतं. प्रत्येक थापेत तुम्हीच वरचढ. थापाड्या स्वतःच्या थापेत कधी बुडत नाही, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. आज तुम्ही बुडालात." त्यांनी नाकातलं पाणी शिंकरलं. "म्हणजे हे खरं. येवल्याला मी उद्या कळवतो."

काठावर लताबाईने मनालीचा हात धरला, तो घरी जाईपर्यंत सोडला नाही.

डिसेंबरात तिकडच्या समुद्राला उधाण आलं, काम थांबलं आणि रवी सुटीवर आला. सातपूरच्या विहाराशेजारच्या मैदानात मंडप पडला. वंदना झाली, हार घातले गेले, पंगती सुरू झाल्या. आणि मोतीरामने पाहिलं, तर एका कोपऱ्यात भिमाजींभोवती ही गर्दी!

"अहो, पुरुषभर उंच!" भिमाजी हात उंचावून सांगत होते. "पुरुषभर! मी वरून खाली बघतोय तर आमच्या खालून बगळे चाललेत. सगळं धरण दिसत होतं!"

मोतीराम गर्दीत घुसला. "वीतभर हो, व्याहीबुवा. वीतभर. तुम्हीच मोजलं."

"गप रे मोतीराम," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "एवढा तिकीट तपासनीस माणूस सांगतोय, आणि तू त्यांच्या तोंडावर थापा मारतोस?"

सगळे हसले. भिमाजींनी त्याच्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला आणि पुढे चालू केलं, आता बगळ्यांच्या जोडीला मासे होते. मोतीराम गर्दीतून बाहेर पडला. आयुष्यात पहिल्यांदा मापात बोलला, आणि तेही कुणाला पटेना. करावं तरी काय माणसाने?

मंडपाच्या कडेला रवी उभा होता, गळ्यातला हार सारखा करत, शेजारी मनाली. हाच तो पोरगा, ज्याने चौथीत वर्गासमोर बिबट्याची गोष्ट खरी म्हणून सांगितली होती आणि वर्गाचं हसू झेललं होतं. त्यानंतर बापाच्या गोष्टीवर त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता.

"बाबा," त्याने विचारलं, "खरंच उचललंत?"

"उचललं रे," मोतीराम म्हणाला. "वीतभर."

रवी त्याच्याकडे बघत राहिला. मग मनालीकडे वळून, तोलून-मापून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या बाबांनी जहाज वीतभर उचललं. पायांवर." आणि तो हसला नाही.

लताबाई जिलेबीचं ताट घेऊन चालली होती, ती मोतीरामपाशी थबकली. "अहो, काय झालं डोळ्यांना?"

"चुलीचा धूर गेला," मोतीराम म्हणाला.

स्वयंपाक सगळा गॅसवर होता. लताबाईने त्याच्या हातात एक जिलेबी ठेवली आणि ती पुढच्या पंगतीकडे गेली.